पहिल्या नव्वद सेकंदांतच प्रेक्षक निसटतो: बिघाड नेमका कुठे आहे?

माझ्याकडे संकलनासाठी, किंवा संकलन उरकल्यावर 'जरा एकदा बघून सांगा' म्हणून ज्या शॉर्टफिल्म येतात, त्यांतल्या बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात. 'सर, सुरुवात स्लो वाटते म्हणतायत.' दिग्दर्शक विशी-पंचविशीतला असतो, फिल्म बारा-पंधरा मिनिटांची. मित्रांनी कौतुक केलेलं असतं. पण हॉलमध्ये दाखवली तेव्हा दुसऱ्या मिनिटाला तिसऱ्या रांगेत एक मोबाईल उजळला, मग पाचव्या रांगेत दुसरा, आणि मागे उभ्या असलेल्या या मुलाच्या पोटात गोळा आला. घरी जाऊन तो टाइमलाइन उघडतो आणि प्रत्येक शॉटच्या शेपटीतून बारा-बारा फ्रेम कापतो. एक मिनिट पन्नास सेकंदांची सुरुवात एक मिनिट वीसवर येते. पुढच्या खेळाला मोबाईल दुसऱ्या मिनिटाऐवजी सव्वा मिनिटाला उजळतो.

'स्लो' हा प्रेक्षकाचा शब्द आहे, रोगाचं नाव नाही. आपलं मन इथे लागत नाही एवढंच त्याला कळतं. ते का लागत नाही हे शोधणं त्याचं काम नाही, आपलं आहे. माझा अनुभव असा की दहांतल्या आठ वेळा दुखणं वेगाचं नसतंच. प्रेक्षकाला धरून ठेवायला आपण हातात काही दिलेलंच नसतं. रिकाम्या हाताने माणूस किती वेळ बसणार? तो खिशातून मोबाईल काढतो.

आधी तपासणी, मग कात्री

पटकथा न वाचलेली पाच माणसं गोळा करा. घरची नकोत, युनिटमधली तर नकोतच. त्यांना थेट तुमची फिल्म लावू नका, आधी दुसऱ्या कोणाची तरी दहा मिनिटांची दाखवा. महोत्सवात तुमची फिल्म कधीच कोऱ्या मनावर पडत नाही. आधीच्या फिल्ममध्ये नुकतंच कोणाचं तरी लेकरू गेलेलं असतं, टाळ्या झालेल्या असतात, कुणीतरी अंधारात खुर्ची चाचपडत असतं. थिएटरातल्या मोठ्या चित्रपटाचंही तेच आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, तंबाखूविरोधी जाहिरात, तीन-चार कंपन्यांची बोधचिन्हं आणि वाचून संपत नाहीत अशा आभारांच्या पाट्या, एवढं झाल्यावर पहिली फ्रेम येते.

मग तुमची फिल्म लावा आणि बरोबर नव्वद सेकंदांना थांबवा. दिवे लावा, प्रत्येकाला कागद द्या आणि एकच प्रश्न विचारा: 'आता पुढे काय होईल असं वाटतं?' 'आवडलं का' हे चुकूनही विचारू नका. त्याचं उत्तर माणूस फिल्म बघून देत नाही, तुमच्याशी असलेलं नातं बघून देतो. आणि बोलायच्या आधी लिहून घ्या, नाहीतर पहिला बोलला की बाकीचे चौघे त्याचीच री ओढतात.

कागदांवर साधारण चार प्रकारची उत्तरं येतात.

'फोटोग्राफी मस्त आहे.' हे सगळ्यात वाईट उत्तर. त्याने चित्र पाहिलं, गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

'काहीतरी वाईट होणार वाटतंय.' हे अर्धवट. वातावरण झालंय, तेही बहुधा संगीताच्या जोरावर, पण नेमकं कशाकडे डोळे लावून बसायचं ते त्याला ठाऊक नाही. असा माणूस आणखी मिनिटभर थांबतो, जास्त नाही.

'ही बाई कोण? मघाचीच का?' हा ओळखीचा किंवा जागेचा घोळ आहे. दुरुस्तीला सगळ्यात सोपा.

'तो कागद सापडेल आणि तेवढ्यात बाप येईल.' हे उत्तर आलं की बिघाड संपला. त्याचा अंदाज चुकीचा असला तरी चालेल, उलट चुकीचा असेल तर फारच उत्तम. त्याने पैज लावली आहे, आणि पैज लावलेला माणूस निकाल लागेपर्यंत उठत नाही.

एक प्रत्यक्ष दुरुस्ती

दोन वर्षांपूर्वी एक चौदा मिनिटांची फिल्म आली होती. गोष्ट साधी होती. दहावीतल्या मुलाला संशय येतो की आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र खरं नाही, एक ग्रॅमचं आहे. खरं कुठे गेलं ते तो शोधायला लागतो, आणि ते आपल्याच क्लासच्या फीसाठी गहाण पडलंय हे त्याला कळतं. गोष्ट चांगली, आईचं काम करणारी बाई तर फारच चांगली.

सुरुवात अशी होती: पहाटेचा उसाचा फड, ड्रोनमधून. धुकं. बासरी. विहिरीवरचा रहाट. आई चूल पेटवते, धूर. गोठ्यातली गाय मान वळवते. नावं येतात, एकेक, सावकाश. मुलगा अंथरुणात कूस बदलतो. शीर्षक. हे सगळं मिळून एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. त्यानंतर मुलगा पत्र्याची ट्रंक उघडून तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली हात घालतो.

पाचांपैकी तिघांच्या कागदावर 'फोटोग्राफी'.

मी त्याला म्हटलं, तुझी फिल्म दोन मिनिटांनी सुरू होते, त्याआधी जे आहे ते ड्रोनचं भाडं वसूल करणं आहे. तो रागावला. रागावणं बरोबरच होतं, कारण त्या ड्रोनसाठी त्याने खरंच तीन दिवस धुक्याची वाट पाहिली होती. पण प्रेक्षकाला तुमचे कष्ट दिसत नाहीत, आणि गावाकडची पहाट त्याने याआधी शंभर फिल्ममध्ये पाहिलेली असते.

मग आम्ही असं केलं. पडदा काळा. ट्रंकेच्या कडीचा आवाज, दबका, कुणीतरी आवाज होऊ नये म्हणून जपून काढतंय तसा. मग हात, अंधारात, कागदाखाली चाचपडणारा. शेजारच्या खोलीतून बापाचा खोकला. हात थांबतो. तो थांबलेला हात आम्ही तब्बल सहा सेकंद ठेवला, म्हणजे सेकंदाला चोवीस या हिशेबाने १४४ फ्रेम. मूळ फिल्ममध्ये या हाताचा शॉट दीड सेकंदाचा होता. म्हणजे वेग आम्ही वाढवला नाही, उतरवला. खोकला शांत होतो, हात पुन्हा चालू लागतो, आणि मग पहिल्यांदा मुलाचा चेहरा.

पुढच्या तपासणीत पाचही कागदांवर बाप होता. कुणी लिहिलं मुलगा पैसे चोरतोय, कुणी लिहिलं पळून जाणार आहे. मंगळसूत्राचा अंदाज एकालाही आला नाही, आणि हेच हवं होतं. सातव्या मिनिटाला आईच्या गळ्याकडे मुलगा रोखून बघतो तेव्हा हॉलमध्ये जो एक हुंकार येतो, तो त्या चोराच्या संशयावरच उभा आहे.

उसाचा फड टाकून दिला नाही. तो गेला अकराव्या मिनिटाला, मुलगा सावकाराकडून परत येताना. तिथे तोच शॉट बघवत नाही इतका मोठा वाटतो.

'मग आम्ही वन-टेक करू का?'

हा प्रश्न हमखास येतो, आणि प्रत्येक वेळी ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चा (१९५८) दाखला देऊनच येतो. तीन मिनिटांहून जास्त चालणारा, न तुटणारा क्रेनचा शॉट. कॅमेरा छपरांवरून जातो, रस्त्यावर उतरतो, मोटारीच्या मागे लागतो, तिला सोडतो, चालत्या जोडप्याला धरतो. चित्रपटशाळेत त्याची पारायणं होतात, आणि विद्यार्थी त्यातून शिकतात ते एवढंच की कॅमेरा थांबवायचा नाही.

तो शॉट पुन्हा एकदा, पहिल्या दहा सेकंदांवर नजर ठेवून बघा. सुरुवात होते हातातल्या बॉम्बपासून. घड्याळाचा काटा फिरवला जातो, बॉम्ब मोटारीच्या डिकीत ठेवला जातो, आणि गाडीत बसणाऱ्या दोघांना त्याचा पत्ता नसतो. त्यापुढच्या तीन मिनिटांत तसं पाहिलं तर काहीच घडत नाही. गर्दी, हातगाड्या, सीमेवरच्या चौकीतली रटाळ चौकशी. पण प्रत्येक वेळी गाडी त्या चालत्या जोडप्याजवळ येऊन रेंगाळते तेव्हा आपण आकसतो. गाडीतली बाई म्हणते की आपल्याला टिकटिक ऐकू येतेय, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आता मनातल्या मनात तो पहिला बॉम्ब कापून टाका. उरतं काय? रहदारी.

शॉट अखंड असण्याचं काम एवढंच की वेळ खोटा होत नाही. मधे एक जरी कट आला असता तरी प्रेक्षकाने स्वतःशी म्हटलं असतं, इथे यांनी मिनिटं खाल्ली. कट नाही, म्हणून घड्याळ खरं चालतंय. तंत्र आणि प्रश्न एकमेकांना असे बांधलेले आहेत. प्रश्न नसताना नुसतं तंत्र उचललं तर वन-टेक म्हणजे युनिटची कवायत होते.

दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हीच गोष्ट टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावली आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो टेबलाखाली आहे हे आधी सांगितलं आणि वर माणसं फालतू गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. म्हणून माझं विद्यार्थ्यांना पहिलं विचारणं असतं: या क्षणी कुणाला जास्त माहीत आहे, पात्राला की प्रेक्षकाला? दोघांनाही सारखंच माहीत असेल आणि तेही फारसं नसेल, तर तिथेच बिघाड शोधा.

याच्या उलट वाटही आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातली. 'शोले'च्या (१९७५) सुरुवातीला आगगाडी येते, जेलर उतरतो, रामलाल त्याला घोड्यावरून ठाकुरकडे नेतो, वर नावं चालू असतात. ठाकुर भेटतो तो शाल पांघरून. मग तो सांगतो आगगाडीवरच्या हल्ल्याची हकिकत, आणि त्यात त्याचे दोन्ही हात गोळ्या झाडताना आपण बघतो. इथे ठाकुरला माहीत आहे, रामलालला माहीत आहे, आपल्याला नाही. शाल समोर असते, पण तिच्याबद्दल विचारायचं कुणाला सुचत नाही. पुढे ते उघडं होतं तेव्हा आपण ती पहिली भेट मनात पुन्हा चालवतो. लपवायचं असेल तर असं उजेडात लपवावं. काळोख, धूर आणि पाठमोरी माणसं दाखवून रहस्य होत नाही, फक्त डोळे ताणावे लागतात.

लक्षण: पहिलं मिनिट जोरात, दुसऱ्याला गळती

हा रोग वेब मालिकांनंतर वाढला. सुरुवातीलाच रक्ताने माखलेला माणूस पळतोय, श्वास, टॉर्च, किंकाळी, काळा पडदा. मग पाटी: 'तीन महिन्यांपूर्वी'. आणि तीन महिन्यांपूर्वी तोच माणूस दात घासतोय.

पुढचं दृश्य गहाण टाकून काढलेलं हे कर्ज आहे. दात घासण्याच्या दृश्यात ताण नाही हे दिग्दर्शकालाच ठाऊक असतं, म्हणून तो शेवटाकडून उसना आणतो. प्रेक्षक पाटी वाचतो, मनात हिशेब करतो की आता त्या रक्तापर्यंत पोचायला दहा मिनिटं, आणि आरामात मागे टेकतो. तो टेकला, तो क्षण म्हणजे गळती.

उपाय म्हणून ती उसनी सुरुवात काढून टाका आणि फिल्म दात घासण्यापासून चालवून बघा. बघवत नसेल तर दुरुस्ती तिथेच हवी. दात घासताना त्याच्याकडे लपवायला काय आहे? दार कोण वाजवतंय? आरशात तो स्वतःच्या गळ्यावरचा कोणता वण बघतोय? उत्तर सापडलं की रक्ताची गरज उरत नाही. नाहीच सापडलं तर मात्र गोष्ट चुकीच्या दिवशी सुरू झाली आहे, आणि तो दोष संकलनात निघत नाही, पटकथेकडे परत जावं लागतं. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात, पण इलाज नाही.

आवाज: सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात स्वस्त

संगीत पहिल्या फ्रेमपासून सुरू होत असेल तर एक प्रयोग करा. संगीताचा ट्रॅक बंद करा आणि सुरुवात एकदा तशीच बघा. जर ती कोसळली, तर ती संगीताच्या कुबडीवर उभी होती. जर ती अचानक जिवंत झाली, तर संगीत तिचा गळा दाबत होतं. मधलं उत्तर फार क्वचित येतं.

सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये (१९६८) तीन बंदूकवाले एका ओसाड स्टेशनावर गाडीची वाट बघतात. एन्निओ मॉरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना लिओनेने तिथे वाद्यं ठेवली नाहीत. करकरणारी पवनचक्की, टोपीवर टपटपणारं पाणी, एकाच्या तोंडाभोवती घोंघावणारी माशी, बोटं मोडल्याचा आवाज. संवाद नावापुरते. कितीतरी मिनिटं हे चालतं. संथ म्हणावं तर याहून संथ काही नाही, आणि तरी कुणी हलत नाही, कारण बंदूक घेऊन स्टेशनावर थांबलेली माणसं कुणाच्या स्वागताला आलेली नाहीत हे पहिल्याच मिनिटाला कळलेलं असतं. आवाज फक्त वेळ ताणतो. माशी बंदुकीच्या नळीत अडकते तेव्हाची शांतता ऐकण्यासारखी आहे.

'टच ऑफ ईव्हिल'चीही याच बाबतीत एक गंमत आहे. स्टुडिओने तो चित्रपट वेल्सच्या हातून काढून घेतला, आणि ज्या शॉटची आपण एवढी वाखाणणी करतो त्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवून प्रदर्शित केला. वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहून बदल सुचवले होते. त्यांतले बरेचसे जवळजवळ चाळीस वर्षं तसेच राहिले. १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्चने त्या टिपणाबरहुकूम नवी आवृत्ती केली. नावं गेली, संगीत गेलं, आणि त्याजागी रस्त्यावरच्या दारूगुत्त्यांतून आणि त्या मोटारीच्या रेडिओवरून येणारी गाणी आली. परिणाम असा की गाडी पडद्याबाहेर असली तरी रेडिओवरून ती किती जवळ आली ते ऐकू येतं. बॉम्ब आता कानाने दिसतो. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एका बैठकीत जे कळेल ते माझ्या दहा तासांच्या वर्गात कळणार नाही.

आपल्याकडे 'सैराट'ची (२०१६) सुरुवात आठवा. गावाकडच्या क्रिकेटचा सामना आणि लाउडस्पीकरवरून धावतं समालोचन. आवाज दृश्यातलाच, बाहेरून चढवलेला नाही. माणसांची ओळख करून द्यायला वेगळा निवेदक आणावा लागत नाही, समालोचक थट्टामस्करी करत ते काम उरकतो आणि आपण हसण्याच्या नादात माहिती गिळतो.

तुमच्या फिल्मसाठी ताबडतोब करण्यासारखं म्हणजे चित्रीकरणाच्या जागेचा नुसता आवाज दोन मिनिटं ध्वनिमुद्रित करून ठेवा. सगळ्यांना गप्प बसवून, पंखा चालू असेल तर पंख्यासकट. हा रूम टोन नसला की काळ्या पडद्यावर मेलेली शांतता येते आणि प्रेक्षक स्पीकर बिघडला म्हणून मागे वळून बघतो. दुसरं, पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या आधी आणा. खोकला आधी, बाप नंतर. माणूस ऐकू आलेल्या गोष्टीचं तोंड बघायला धडपडतोच, ती खोड आपल्या कामाची.

निवेदन: 'माझं नाव अमुक, मी तमुक गावचा'

यावर फार लिहीत नाही. पहिल्या मिनिटाला पात्र स्वतःच्या तोंडाने स्वतःची माहिती सांगत असेल, तर ती माहिती त्याला कुणाकडून तरी काही हवं म्हणून सांगायला लावा. 'द गॉडफादर'ची (१९७२) सुरुवात एका माणसाच्या लांबलचक भाषणानेच होते. काळ्या पडद्यावर आधी आवाज, मग अंधारात एकटा चेहरा. तो अमेरिकेबद्दल बोलतो, मुलीबद्दल बोलतो, कोर्टाबद्दल बोलतो, आणि कॅमेऱ्याची झूम जवळजवळ तीन मिनिटं इतक्या सावकाश मागे येते की येतेय हे कळतही नाही. फ्रेमच्या कडेला एक खांदा आणि एक हात आल्यावर उमगतं की हे भाषण नव्हतं, याचना होती. ज्याच्याकडे ती चालली आहे त्याचा चेहरा अजूनही दाखवलेला नाही. तेवढ्या वेळात माणसाची सगळी माहिती सांगून झालेली असते आणि ती सांगितली जातेय असं एकदाही वाटत नाही.

हलता कॅमेरा

'सर, रियल वाटावं म्हणून हँडहेल्ड केलंय.' 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधला (१९९८) समुद्रकिनारा सगळ्यांच्या डोक्यात असतो. त्या दृश्यात छायालेखक यानुश कामिन्स्कीने शटरचा कोन, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते ठरवणारं माप, नेहमीच्या १८० अंशांवरून ४५ आणि ९० अंशांवर आणला, म्हणून उडणारी माती कणाकणाने सुटी दिसते आणि हालचाल तुटक वाटते. भिंगांवरचा संरक्षक थरही खरवडून काढला होता. हे सगळं विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतं. जे ते विसरतात ते असं, की बोटीतून उतरण्याआधी आपल्याला कॅप्टनचा थरथरता हात शांतपणे दाखवलेला आहे. त्यानंतर कितीही गोंधळ झाला तरी आपण त्या हाताच्या माणसाला शोधत राहतो.

तुमच्या तपासणीत 'हा कोण' असा कागद आला असेल तर हादरे कमी करण्याआधी तो हात शोधा. एक स्थिर शॉट, एक माणूस, एक ओळखीची खूण. आणि खोलीचा एक तरी रुंद शॉट, दार कुठे आणि खिडकी कुठे ते सांगणारा. त्यानंतर कॅमेरा हवा तेवढा नाचवा.

संथच हवं असेल तर

काही मुलं हे सगळं ऐकून हिरमुसतात. त्यांना शांत, लांबून बघणारी फिल्म करायची असते, आणि मी त्यांना थरारपट करायला सांगतोय असं वाटतं. तसं नाही. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये एक वयस्क माणूस घरी मुलांना शिकवतो, तिथून निघतो, बसने जातो, एका वस्तीतल्या कार्यक्रमात शाहिरी गातो, आणि कार्यक्रम चालू असतानाच पोलीस त्याला धरायला येतात. कॅमेरा लांब आणि जागच्या जागी. कुणाचे क्लोज-अप नाहीत, पार्श्वसंगीताचा रेटा नाही. पण शिकवणी घेणारा हा माणूस पुढच्याच दृश्यात रंगमंचावर काय बोलतोय हे ऐकलं की पहिला माणूस आणि दुसरा माणूस यांची आपण मनात जुळणी करायला लागतो, आणि त्या जुळणीतच कायदा येऊन मधे उभा राहतो. लांबून बघणं ही तिथे शैली म्हणून चिकटवलेली नाही. पुढे कोर्टातही आपल्याला असंच, मागच्या बाकावरून बघितल्यासारखं बघायचं आहे, त्याची ती सवय आहे.

म्हणजे संथ सुरुवातीची कसोटी वेगळी. तिथे 'पुढे काय होईल'ऐवजी 'हा माणूस कसा आहे असं वाटतं' हे विचारा. पाच जणांनी पाच वेगळी, पण ठाम उत्तरं दिली तर सुरुवातीला हात लावू नका. पाचही कागदांवर 'गरीब आहे' एवढंच आलं तर मात्र बसा कामाला.

पैसे नाहीत ही सबब या कामात चालत नाही, एवढं जाता जाता. 'जॉज'च्या (१९७५) पहिल्या दृश्यात मासा दिसतच नाही. पाण्यात पोहणारी मुलगी आणि तिला बसणारे हिसके, बस. हिसके बसत होते ते तिच्या अंगाला बांधलेल्या दोरांनी.

शेवटचा बिघाड, जो संकलनात नसतो

ती मंगळसूत्राची फिल्म नव्या सुरुवातीसह पहिल्यांदा एका महोत्सवात लागली तेव्हा मी आणि तो मुलगा मागे उभे होतो. दिवे गेले. पडदा काळा. कडीचा आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. एकदम हात दिसला, आणि तो काय करतोय, का दबकून करतोय, कशाचाच संदर्भ नाही. पुढच्या रांगेत दोघंजण अजून आधीच्या फिल्मबद्दल बोलत होते, कारण आमची सुरू झाली हे त्यांना कळलंच नव्हतं. नंतर ऑपरेटरकडे गेलो तेव्हा समजलं, फाइल सुरू झाल्यावर तिथल्या यंत्रणेचा आवाज जागा व्हायला सेकंदभर जातो. आमची कडी बाविसाव्या फ्रेमलाच होती. गिळली गेली.

तेव्हापासून माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला दोन सेकंद काळं असतं, आणि त्यात अगदी हलका रूम टोन. पहिला महत्त्वाचा आवाज तिसऱ्या सेकंदाच्या आत येत नाही. आणि खेळाच्या आधी हॉल रिकामा असताना आपली फाइल तिथल्याच यंत्रावर एकदा लावून, शेवटच्या रांगेत बसून ऐकायची. ऑपरेटर कुरकुरतो. त्याला चहा पाजायचा.